बॉस्टनला गेल्यावर एक जेवण तिथल्या जुन्या उपाहारगृहात

महोदय,

अमेरिकेला स्वतःची खाद्यसंस्कृती नाही, बर्गर आणि पिझ्झा यांपलीकडे तिथे काही मिळत नाही, असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. मुलीकडे बॉस्टनला राहण्याचा योग आला, तेव्हा तिथल्या ‘युनियन ऑयस्टर हाऊस’मध्ये जेवलो आणि हे मत किती अपुरे आहे, ते तिथल्या ताटातच दिसले.

१८२६ पासून अखंड चालू असलेले हे उपाहारगृह अमेरिकेतील या प्रकारचे सर्वांत जुने मानले जाते. इमारत त्याहूनही जुनी आहे. आयझाया थॉमस यांचे ‘मॅसॅच्युसेट्स स्पाय’ हे ब्रिटिश सत्तेवर तुटून पडणारे वृत्तपत्र १७७१ मध्ये येथूनच निघत असे, आणि पुढे फ्रान्सचे राजे झालेले लुई फिलिप परागंदा असताना येथेच वरच्या मजल्यावर राहून फ्रेंचच्या शिकवण्या करीत, असे तिथे सांगतात. केनेडींच्या आवडीचा १८ क्रमांकाचा बाकही वर जपून ठेवला आहे.

माझे लक्ष मात्र खालच्या अर्धवर्तुळाकार लाकडी कट्ट्याने वेधून घेतले. कट्ट्यामागचा माणूस आखूड सुरीचे टोक शिंपल्याच्या सांध्यात घालून, मनगटाला एकच हिसका देऊन कालवे उघडत होता. आमच्या रत्नागिरीकडे खडकावरची कालवे कोयतीने फोडून काढणाऱ्या बायकांच्या हाताला जी सफाई असते, तीच इथे होती. नंतर आलेले चाऊडर म्हणजे तिसऱ्या (छोटे शिंपले), बटाटा आणि दुधाची साय यांचे दाटसर, गरमागरम सूप, आणि सोबत मक्याच्या पिठाचा किंचित गोड पाव. थंडीच्या मुलखात माणसे घरी जे पोटभर खातात, तेच हे जेवण.

तिथल्या ‘बेक्ड बीन्स’ या पदार्थाला इतिहासही आहे. प्युरिटन, म्हणजे कडक धर्माचरणी ख्रिस्ती, घरांत रविवारी, म्हणजे प्रार्थनेच्या दिवशी, स्वयंपाक वर्ज्य असे; म्हणून घेवड्याच्या जातीच्या शेंगांचे दाणे, खारवलेले डुकराचे मांस आणि उसाची मळी मातीच्या भांड्यात घालून शनिवारीच भट्टीत ठेवले जाई. ती मळी कॅरिबियन बेटांवरील गुलामांच्या श्रमांतून येत असे, हेही तो पदार्थ चवीने खाताना विसरता कामा नये. (शाकाहारी मंडळींनी हे दाणे आणि चाऊडर दोन्ही मागवण्यापूर्वी चौकशी करावी, चाऊडरमध्येही बहुधा डुकराचे मांस असते.)

अशी ठिकाणे टिकतातच असे नाही. जवळच्याच बाजारातील ‘डर्जिन पार्क’ लांबलचक सामाईक टेबलांसाठी आणि मक्याचे पीठ, दूध व मळी मंद आचेवर तासन्‌तास शिजवून केलेल्या पुडिंगसाठी प्रसिद्ध होते. जवळजवळ दोनशे वर्षे चालून ते जानेवारी २०१९ मध्ये बंद पडले.

आपल्या सहल कंपन्या प्रवाशांना शहरातील ऐतिहासिक स्थळे जोडणाऱ्या ‘फ्रीडम ट्रेल’ या पायवाटेच्या लाल विटांच्या रेषेवरून अगदी या दारावरून नेतात आणि जेवायला मात्र बसने दूरच्या भारतीय बुफेकडे वळवतात. वरणभाताची सोय जरूर असावी, पण बॉस्टनमधील एक दुपारचे जेवण तरी प्रवाशांच्या मर्जीवर सोडावे आणि कार्यक्रमपत्रिकेत या उपाहारगृहाचे नाव द्यावे, अशी सहल आयोजकांना विनंती आहे. आपल्या प्रवास पुरवणीनेही अशा जुन्या उपाहारगृहांवर सविस्तर लिहावे.

— एक वाचक, रत्नागिरी