आत्याला धाडलेलं पुस्तक

बाथ, इंग्लंड
रविवार

ती. सौ. आत्यास,
सा. न. वि. वि.

गुडघ्याचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे बाबांकडून कळलं. आता घरात बसून राहायचं तुझ्या जिवावर आलं असेल. म्हणून पुण्याला येणाऱ्या मैत्रिणीबरोबर जॉर्जेट हेयरची ‘ब्लॅक शीप’ पाठवतेय. कादंबरी १९६६ सालची, पण घडते त्याच्या दीडशे वर्षं आधी, आणि तीही मी राहते त्याच गावात.

तेव्हा इंग्लंडच्या राजाचं डोकं ठिकाणावर राहिलं नाही, म्हणून १८११ ते १८२० त्याच्या मुलानं कारभार पाहिला. तो रीजन्सीचा काळ. एकाच पुरुषाबरोबर एका रात्रीत तिसऱ्यांदा नाचलं की मुलीच्या नावाची गावभर चर्चा! नियम इतके घट्ट की घोडागाडीत कुणाशेजारी बसलं, एवढ्यालाही वजन येतं. तू सांगायचीस ना, बघण्याच्या वेळी आतोबांशी बोलायला गच्चीवर दहा मिनिटं मिळाली होती, आणि बाबांना जिन्यात बसवलं होतं? प्रत्येक नाचाच्या प्रसंगात मला तो जिना आठवतो.

आणि यातली नायिका आत्याच आहे गं! ॲबिगेल, २८ वर्षांची, तेव्हाच्या हिशेबानं लग्नाचं वय उलटलेली. तिची १७ वर्षांची भाची एका देखण्या, पैशावर डोळा असलेल्या तरुणाच्या प्रेमात पडलीय. त्याला वाटेला लावायला ही सरसावते, तर नेमका त्याचा काका हिंदुस्थानातून परत येतो. कपड्यांत गबाळा, बोलण्यात कुणाची भीड नाही. ॲबिगेल त्याच्यावर रागवायला जाते आणि तिला हसू फुटतं. हेयरच्या गोष्टींत मला सगळ्यात आवडतं ते हेच. दोघांना एकाच गोष्टीचं हसू येतं, बाकीच्यांना कळतच नाही काय झालं, आणि तिथून प्रेम सुरू होतं. सुंदर दिसण्यापेक्षा हे मला कितीतरी खरं वाटतं.

हा काका हिंदुस्थानात श्रीमंत झालेला, तिथे मात्र मी थबकले. इकडे हे नाच रंगत होते त्याच काळात, १८१८ साली, आपली पेशवाई बुडाली. ते मनात राहिलंच. तरी पुढच्या प्रसंगात मनापासून हसले.

काल पंप रूममध्ये गेले होते. ॲबिगेलच्या काळी दुखणाईत माणसं तिथे झऱ्याचं पाणी प्यायला यायची, आणि गावात कोण नवीन आलंय ते सगळ्यांना कळायचं. पाणी गरमसर, चव लोखंडासारखी. तुझ्या गुडघ्याच्या नावानं एक घोट जास्त प्यायले.

हेयरनं आपली पहिली कादंबरीसुद्धा आजारी भावाला रमवायला रचली होती. ती १९२१ साली छापून आली तेव्हा हेयर अवघी १९ वर्षांची होती. हे वाचल्यापासून तुला पुस्तक पाठवायचं डोक्यात होतं.

गाड्यांच्या नावांशी सुरुवातीला अडशील. करिकल म्हणजे दोन चाकांची, दोन घोड्यांची उघडी गाडी. एवढं कळलं की पुढे जा. शेवट बाबांना सांगू नकोस, तुझं झालं की ते वाचणार आहेत. आणि पहिल्यांदा मोठ्यानं हसशील ते पान कुठलं, ते फोनवर सांग.

आतोबांना नमस्कार.

तुझी,
छकुली