छपाईचे शुल्क घ्या, पण हिशेबाने

महोदय,

पुण्यातील एका शैक्षणिक संस्थेच्या ग्रंथालयात व संगणक कक्षात आजवर विनामूल्य असलेल्या छपाईसाठी आता प्रत्येक पानामागे शुल्क आकारले जाऊ लागले आहे. तेथील संशोधक विद्यार्थिनी या नात्याने माझा शुल्काला सरसकट विरोध नाही. प्रिंटरजवळच्या ट्रेमध्ये कोणीही न नेलेल्या कागदांची चळत मी रोज पाहत आले आहे, आणि फुकटच्या सोयीची किंमत राहत नाही हे त्या चळतीकडे पाहून मान्य करावेच लागते.

आक्षेप आहे तो आकारणीच्या पद्धतीला. कागदाच्या दोन्ही बाजूंना छापले तर निम्मा कागद वाचतो, तरीही दर कागदावर नसून छापील बाजूवर असल्याने काटकसर करणाऱ्याला काहीच सवलत मिळत नाही. शाई फिकी पडून वाया गेलेल्या पानाचे पैसेही विद्यार्थ्यानेच भरायचे, हे तर अजबच! बाहेरगावाहून येऊन मेसचा डबा आणि खोलीचे भाडे कसेबसे भागवणाऱ्या विद्यार्थ्याला दोनशे पानांच्या प्रबंधाचा कच्चा खर्डा मार्गदर्शकांसाठी तीन-चारदा छापावा लागतो. अंतिम प्रबंध ‘शोधगंगा’ या देशभरातील प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात ई-स्वरूपात जात असताना खर्डे मात्र कागदावरच का मागितले जातात, हेही विचारायला हवे.

प्रत्येक सत्रात ठरावीक पाने विनामूल्य द्यावीत, त्यापुढे कागद व शाईच्या प्रत्यक्ष खर्चाइतकेच शुल्क घ्यावे आणि दर कसा ठरला ते सूचनाफलकावर लावावे, अशी विनंती आहे.

– एक संशोधक विद्यार्थिनी, पुणे