वास्कोच्या घरातली ती हिरवी नळी

डिचोली

चि. बाबू यास अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू नवीन स्वयंपाकघर दाखवलंस. ओटा, खिडकी, सगळं आवडलं. पण शेगडीमागे गॅसची ती हिरवी नळी दिसली, अर्धी फुलाफुलांच्या कापडात गुंडाळलेली, आणि मला रात्री झोप आली नाही. फोनवर सांगितलं तर ‘हो गे आई’ म्हणून विसरशील, म्हणून लिहिते.

ती साधी रबरी नळी आहे. आपल्याकडेही तसलीच होती. तू तेव्हा दुसरीत होतास. गणेश चवथीच्या आदल्या रात्री नेवऱ्या तळून मी आडवी झाले, आणि पहाटे उठून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले तर कुजक्या कोबीसारखा वास. सवयीने हात दिव्याच्या बटणाकडे गेला. तुझ्या बाबांनी तो वरचेवर धरला. त्यांनी तुला झोपेतच उचलून अंगणात नेलं, मी अंधारातच रेग्युलेटर बंद केला, मागचं दार आणि खिडक्या उघडल्या. उजाडल्यावर पाहिलं तर सिलिंडरपासून वीतभर अंतरावर नळीला उंदराचे दात लागलेले. गणपतीच्या वर टांगायच्या माटोळीसाठी आणलेले नारळ तिथेच कोपऱ्यात ठेवले होते.

त्या वासानेच आपल्याला वाचवलं. या गॅसला स्वतःचा वास नसतो रे, गळती कळावी म्हणून तो मुद्दाम मिसळतात. आणि हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. ओट्याशी उभ्या माणसाला तो उशिरा कळतो. म्हणून नुसती वरची खिडकी उघडून भागत नाही, दार उघडावं लागतं. दिवा, पंखा काही लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही, कारण ठिणगी दोन्ही वेळा उडते. बाहेर येऊन 1906 वर फोन करायचा, तो नंबर रात्रीही चालतो.

आता नळीचं. गॅस एजन्सीतून ‘सुरक्षा’ नळी घे. केशरी रंगाची असते, आत तारेची जाळी असते, ती उंदराला सहज कुरतडता येत नाही. तिच्यावर आयएसआयची खूण आणि साल छापलेलं असतं, ते वाचूनच पैसे दे. 5 वर्षं झाली की ती वरून कितीही चांगली दिसली तरी बदलायची. घरमालकाला विचारत बसू नकोस, पैसे मी पाठवते. लांबी दीड मीटरच्या वर नको. कमी पडली तर दोन तुकडे जोडायचे नाहीत, शेगडी सरकवायची. काल पाहिली ती नळी मागच्या बर्नरला जवळजवळ टेकली होती. तापून तापून रबर कडक होतं आणि वाकवलं की तडकतं. ते कापड तर आधी काढून टाक. नळी स्वच्छ राहावी म्हणून बायका हौसेने गुंडाळतात, पण चीर पडली तरी मग ती दिसत नाही.

वास्कोची हवा खारी, नळीची टोकं आवळणाऱ्या क्लॅम्पला गंज चढतो. क्लॅम्पही नवेच बसवून घे.

बसवून झालं की शेगडीच्या कळा बंद ठेव, रेग्युलेटर चालू कर आणि नळीच्या दोन्ही टोकांना साबणाचा फेस लाव. बुडबुडे फुगले तर गळतंय. काडी पेटवून कधीही बघायचं नाही, कोणी कितीही जाणकार म्हणवत असला तरी. तुझ्या खोलीतल्या मित्रालाही हे दाखव, चहा तोच करतो म्हणालास ना? आणि रात्री झोपताना रेग्युलेटर बंद.

चवथीला घरी येण्याआधी हे काम कर. जुनी नळी अख्खी टाकू नकोस, कोणीतरी उचलून परत लावेल. तिचे दोन तुकडे कर. आणि नव्या नळीवरचं साल वाचून मला कळव, आपल्या नळीचं कॅलेंडरच्या मागे लिहिलंय, त्याच्याखाली तुझंही लिहून ठेवते.

तुझी,
आई