मथळ्यात ‘उत्तेजक’, बातमीत औषधाचे नावच नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

खेळाडू डोपिंगमध्ये सापडला की मराठी वृत्तपत्रांचा मथळा ठरलेला असतो : ‘उत्तेजक चाचणीत दोषी’. बंदी किती वर्षांची ते छापून येते, खेळाडूचा जुना फोटो येतो. सापडलेल्या औषधाचे नाव मात्र पुष्कळदा येतच नाही. आमच्या वयाच्या मुलामुलींचे नुकसान नेमके इथे होते, म्हणून हे पत्र.

‘उत्तेजक’ म्हटले की डोळ्यांसमोर येते ती शर्यतीआधी घेतलेली, अंगात वीज भरणारी गोळी. ‘वाडा’ या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेच्या बंदी यादीत अशी खरी उत्तेजके म्हणजे एस-6 हा एकच गट, आणि तोही फक्त स्पर्धेच्या काळापुरता बंद. स्नायू वाढवणारी स्टेरॉइड्स एस-1 मध्ये, दम्यावरची काही औषधे एस-3 मध्ये, लघवी वाढवणारी औषधे एस-5 मध्ये. हे तिन्ही गट वर्षभर बंद, सरावाच्या दिवसांतही. सगळे एकाच शब्दात कोंबले की मुलाला वाटते, मी कुठे उत्तेजक घेतो, मी तर सुट्टीत एक ‘कोर्स’ केला. जिममध्ये स्टेरॉइडला कोर्स म्हणतात, सायकल म्हणतात, गिअर म्हणतात. बातमीतला शब्द आणि जिममधला शब्द यांची कधी गाठच पडत नाही.

क्रिकेटपटू पृथ्वी शॉचे प्रकरण मुंबईत सगळ्यांना ठाऊक आहे, पण अर्धवट. फेब्रुवारी 2019 मध्ये इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेदरम्यान त्याचा नमुना घेतला गेला, त्यात टर्ब्युटालीन सापडले आणि आठ महिन्यांची बंदी आली. तेव्हा तो 19 वर्षांचा होता. खोकल्याचे औषध नकळत घेतले, हे त्याचे म्हणणे बीसीसीआयने मान्य केले. तरी बंदी टळली नाही, कारण शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची, असा नियमच आहे. टर्ब्युटालीन श्वासनलिका सैल करते. आपल्याकडच्या कितीतरी कफ सिरपमध्ये ते ब्रोमहेक्झीन आणि ग्वायफेनेसिनच्या जोडीने असते. केमिस्ट विचारतो, ‘सुका की ओला?’ आपण ‘ओला’ म्हणतो आणि बाटली घेऊन निघतो. ‘खेळतोस का?’ हे विचारायची पद्धतच नाही. स्पर्धेत उतरणाऱ्याने बाटलीच्या मागची बारीक अक्षरे तिथेच, काउंटरवर वाचावीत. टर्ब्युटालीन किंवा त्याच प्रकारचे साल्ब्युटामॉल दिसले तर दुसरे सिरप मागावे. साल्ब्युटामॉलचा पंप मर्यादेत चालतो (24 तासांत 1600 मायक्रोग्रॅम, आणि कोणत्याही 8 तासांत 600 च्या आत), पण तेच औषध पोटातून गेले तर चालत नाही. दम्यासाठी बंदीतले औषध घ्यावेच लागत असेल तर उपचारासाठी सूट मागता येते, तिला ‘टीयूई’ म्हणतात. अर्ज स्पर्धेच्या किमान 30 दिवस आधी करायचा. ‘नाडा’ या राष्ट्रीय डोपिंगविरोधी संस्थेचे ‘नो युवर मेडिसिन’ हे अ‍ॅप औषध तपासायला फुकट मिळते.

स्टेरॉइडबद्दल मोठी माणसे ‘वाईट असते’ एवढेच सांगून थांबतात. काय वाईट होते ते सांगितले तर मुले ऐकतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या लांब हाडांच्या टोकांशी अजून कूर्चेच्या पट्ट्या असतात, उंची तिथून वाढते. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलते आणि इस्ट्रोजेन या पट्ट्या वेळेआधी बंद करते. दंड वाढतो, उंची तिथेच थांबते. त्याच इस्ट्रोजेनमुळे स्तनाग्रामागे दुखरी गाठ येते. ती टिकली तर शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. बाहेरून पुरवठा सुरू झाला की मेंदू वृषणांना निरोप देणे बंद करतो, वृषणे आकसतात आणि कोर्स संपल्यावर स्वतःचे संप्रेरक पुन्हा तयार व्हायला कित्येक महिने लागतात. तोंडाने घ्यायच्या स्टॅनोझोलॉल, मेथँडिएनोनसारख्या गोळ्या यकृतात लगेच मोडू नयेत अशाच घडवलेल्या असतात, म्हणून यकृताला त्या जड जातात. तेलातले इंजेक्शन जिमच्या चेंजिंग रूममध्ये मित्राकडून घेतले तर पू होऊ शकतो; सुई किंवा कुपी वाटून घेतली तर हेपटायटिस बी, सी आणि एचआयव्हीचा धोका. मुलींचा आवाज एकदा जाड झाला की औषध सोडले तरी पूर्ववत होत नाही.

वजनगटात बसण्यासाठी घेतले जाणारे, लघवी वाढवणारे फ्युरोसेमाइड तितकेच धोक्याचे. कुस्तीत, कुमार गटाच्या कबड्डीत वजनकाट्याच्या आदल्या रात्री ते घेतले की पाण्याबरोबर पोटॅशियम जाते, पेटके येतात आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. मेफेंटरमीन हे शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर पडलेला रक्तदाब सावरण्याचे इंजेक्शन. ते व्यायामाआधी टोचून घेणाऱ्यांना त्याचे व्यसन लागू शकते. यादीतले खरे ‘उत्तेजक’ हे आहे.

आता ज्यांची कधीच चाचणी होत नाही त्यांच्याकडे वळते. नट, मॉडेल, रील करणारे फिटनेस गुरू यांना नमुना द्यावा लागत नाही, आणि आमच्या डोळ्यांसमोर दिवसभर शरीरे असतात ती त्यांचीच. ‘लिव्हर किंग’ म्हणवणारा अमेरिकेचा ब्रायन जॉन्सन कच्ची कलेजी खाऊन असे शरीर होते असे सांगत होता आणि वाळवलेल्या अवयवांच्या कॅप्सूल विकत होता. 2022 च्या अखेरीस त्याचे ईमेल फुटले. औषधांवर तो महिन्याला 11 हजार डॉलरहून जास्त खर्च करत होता. मग व्हिडिओ काढून त्याने स्टेरॉइड घेत असल्याचे कबूल केले. तोवर लाखो मुलांनी त्याच्या दंडाशी आपला दंड मोजला होता.

‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो एका दुपारीही काढता येतात. आधीच्या फोटोत पोट सैल, खांदे पुढे, प्रकाश समोरून सपाट. मग वीस मिनिटे पुशअप्स आणि डंबेल, स्नायूंत रक्त भरते, अंगाला तेल, दिवा डोक्यावरून तिरका म्हणजे प्रत्येक खाचेत सावली. आदल्या दिवसापासून पाणी कमी केले असेल तर त्वचा आणखी चिकटते. हे एकदा कळले की रील वेगळे दिसायला लागते.

नियम आहेत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शिकेनुसार पैसे किंवा फुकट माल घेऊन केलेली शिफारस जाहिरात आहे हे ठळक सांगावे लागते, हॅशटॅगच्या ढिगात लपवून चालत नाही. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड, पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत. ऑगस्ट 2023 पासून जाहिरात मानक परिषदही म्हणते की आरोग्याचा सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता आधी सांगावी. प्रोटीनच्या डब्यावरचा 14 आकडी एफएसएसएआय परवाना पाहून मुले निश्चिंत होतात. तो खाद्यपदार्थाचा परवाना आहे, डोपिंगची तपासणी त्यात येत नाही. बंदीतल्या औषधांसाठी डबे तपासणाऱ्या ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’ची खूण असेल तर डब्यावरचा बॅच नंबर त्यांच्या यादीशी जुळवून बघावा.

2024 मध्ये भारतात 7,113 नमुने तपासले गेले आणि 260 मध्ये बंदी घातलेले काही ना काही सापडले, म्हणजे सुमारे 3.7 टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत त्या वर्षी हे प्रमाण सर्वाधिक होते. यातल्या काहींना उपचाराची सूट असू शकते, तरीही आकडा लाज वाटावी असाच आहे.

आपल्याला विनंती अशी. डोपिंगच्या प्रत्येक बातमीत दोन ओळी वाढवा : औषधाचे नाव, ते मुळात कशासाठी असते, यादीतला गट, आणि माहीत असेल तर ते शरीरात कसे गेले. पुरवणीत एखाद्या नटाने ‘बारा आठवड्यांत’ कमावलेले शरीर छापता तेव्हा त्याच्या आहाराबरोबर औषधांबद्दलही प्रश्न विचारा, आणि तो उत्तर देत नसेल तर तसे छापा. औषधाचे नाव देवनागरीबरोबर बाटलीवर असते तसे इंग्रजी अक्षरांतही द्या, कारण केमिस्टच्या काउंटरवर आम्हाला ते तसेच वाचावे लागते.

– बारावीतील एक विद्यार्थिनी, परळ, मुंबई