दापोडीचा इतिहास भंगारात जाऊ देऊ नका

मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स. न. वि. वि.

एसटीची चेसिस, म्हणजे इंजिन-चाकांसह खालचा सांगाडा, कोणत्या कंपनीची, हे शाळकरी पोरही सांगेल. पण वरचा सांगाडा, पत्रा, बाकडी हे सगळे वर्षानुवर्षे महामंडळाच्याच कामगारांनी दापोडी (पुणे), चिकलठाणा (छत्रपती संभाजीनगर) आणि हिंगणा (नागपूर) इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांत बांधले, हे फार थोड्यांना ठाऊक असते. या कार्यशाळांचा इतिहास नीट लिहून काढावा, एवढ्यासाठी हे पत्र.

१ जून १९४८ रोजी नगर-पुणे मार्गावर पहिली गाडी धावली, तेव्हा बेडफर्ड चेसिसवर लाकडी बॉडी होती आणि आसनांत काथ्या भरलेला होता. सुरुवातीच्या काळात ताफ्यात शेव्हरोले, फोर्ड, स्टुडबेकर, मॉरिस, आल्बियन, लेलँड अशा दहा बनावटीच्या गाड्या होत्या. इतक्या तऱ्हांच्या गाड्या सांभाळताना सुतार-फिटरांनी काय काय जुगाड केले असतील! पुढे पुणे-महाबळेश्वर मार्गावर ‘नीलकमल’ आणि ‘गिर्यारोहिणी’ आल्या. त्यांत पडदे, घड्याळ आणि हिरवट काचा होत्या. त्या मानाने आजच्या काही वातानुकूलित गाड्यांतल्या पडद्यांची दशा बघवत नाही, पण तो विषय वेगळा.

लाकूड गेले, पोलाद आले, मग ॲल्युमिनियम. ॲल्युमिनियम हलके आणि कोकणच्या पावसातही पोलादासारखे गंजत नाही. शिवाय पत्रे रिव्हेटने, म्हणजे ठोकून बसवायच्या धातूच्या खिळ्यांनी, जोडलेले. एखादा पत्रा चेपला, तर तेवढाच काढून दुसरा ठोकायचा. गाडी फार दिवस अडकून पडत नसे. पण उलटली तर हा सांगाडा पोलादाइतका तग धरत नाही. बसबांधणीचे सुरक्षा नियम कडक झाले आणि गेल्या दशकात महामंडळ माइल्ड स्टीलच्या, म्हणजे साध्या पोलादाच्या, बॉडीकडे वळले. जुन्या चेसिसवर नवे पोलादी सांगाडे चढू लागले. प्रवाशाला फक्त नवा रंग दिसला. कार्यशाळेत मात्र कामाची रीतच पालटली: जिथे रिव्हेट ठोकणारा हात लागे, तिथे वेल्डर लागू लागला. पोलाद जड, म्हणजे डिझेलचाही हिशोब आला. निर्णय योग्यच होता. पण तो कसा झाला, कारागिरांनी कोणत्या सूचना केल्या, हे कुठे तरी नोंदवायला हवे.

२०२० च्या टाळेबंदीत याच कारागिरांनी प्रवासी गाड्यांच्या मालवाहू गाड्या करून दिल्या.

आता महामंडळ तयार बांधणीच्या गाड्या घेत आहे, विजेवरच्या ५,१५० गाड्या तर भाडेतत्त्वावर ठरल्या. त्याला माझा विरोध नाही. पण घरात बांधणी घटली की ती विद्याही निवृत्तीबरोबर दाराबाहेर जाते.

तेव्हा मागणी अशी. तिन्ही कार्यशाळांतले जुने आराखडे, साचे आणि छायाचित्रे भंगाराच्या लिलावात काढू नयेत, असा लेखी आदेश द्या. निवृत्त सुतार, पत्राकामगार, रंगारी यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून घ्या. लाकडी गाडीची प्रतिकृती चालेल, पण निमआराम ‘एशियाड’ आणि साध्या ‘परिवर्तन’ची एकेक खरी गाडी दापोडीत राखून ठेवा. बेस्टने मुंबईतल्या आणिक आगारात संग्रहालय उभारले आहे. एसटीला जागेची अडचण नक्कीच नाही. १ जून २०२८ ला एसटीला ८० वर्षे होतील. तोवर हे काम पुरे व्हावे आणि त्याची जबाबदारी एका अधिकाऱ्यावर नावानिशी सोपवावी.

आपला,
एक एसटी प्रवासी