लेण्यांत वर्ग भरू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रायगड, साल्हेर, विजयदुर्गासह राज्यातील ११ किल्ले आणि तमिळनाडूतील जिंजी जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. तेव्हापासून पर्यटनाची चर्चा रस्ते, रोपवे आणि हॉटेलांभोवतीच फिरते आहे. आलेल्या माणसाला तिथे काय सांगायचे आणि ते कोण सांगणार, याचा विचार विद्यापीठांनी करायला हवा. तो होताना दिसत नाही.

अजिंठा १९८३ पासून त्या यादीत आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे वॉल्टर स्पिंक यांनी या लेण्यांसाठी आयुष्य वेचले. उत्तरकालीन लेणी वाकाटक राजा हरिषेणाच्या काळात, पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेमतेम दोन दशकांत खोदली गेली, असे त्यांनी मांडले. अर्धवट सोडलेले काम, दारे बसवण्याच्या खोबणी कशा बदलत गेल्या, एवढ्या बारकाव्यांवरून! सर्व अभ्यासकांना ते मान्य नाही, पण हा वाद लेण्यात उभे राहून ऐकला, तर घाईने निघालेला प्रवासीही मुक्काम वाढवील. प्रत्यक्षात पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या प्रसिद्ध चित्रासमोर दोन वाक्ये होतात आणि रांग पुढे सरकते. गाईडला दोष कसा द्यावा? त्याला हे शिकवले कोणी?

लोणारचेही तेच. बेसॉल्ट खडकात उल्कापाताने झालेले हे विवर चंद्र आणि मंगळाच्या अभ्यासासाठी जगभरच्या भूशास्त्रज्ञांना मोलाचे वाटते. काठावरच्या प्रवाशाला मात्र पाण्याचा रंग तेवढा समजतो.

पर्यटनाच्या पदव्या आपल्याकडे आहेत, पण त्यांचा भर तिकिटे, टूर पॅकेज आणि हॉटेल व्यवस्थापनावर. इतिहास, पुरातत्त्व, भूशास्त्र, पाली आणि परकीय भाषा यांचे विभाग त्यांत क्वचितच सामील होतात. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदव्युत्तर वर्गांना ‘ऑन जॉब ट्रेनिंग’ आले आहे. ते एखाद्या कार्यालयात उरकण्यापेक्षा विद्यार्थ्यांना अजिंठा, वेरूळ, लोणारला पाठवा. स्पिंक लेण्यांतच अभ्यासवर्ग घेत. आपल्या प्राध्यापकांनाही ते जमेल.

याच वर्गांत अजिंठ्याजवळचे फर्दापूर आणि लोणार येथील तरुणांना पदवीची अट न घालता बसू द्यावे. लेण्यांचा रस्ता, ऋतू, माणसे त्यांना ठाऊक आहेत. विद्यापीठाने संशोधन मराठीत, सोप्या पुस्तिकांतून त्यांच्या हाती द्यावे आणि परीक्षा घेऊन प्रमाणपत्र द्यावे. निदान मराठवाड्यातील विद्यापीठाने येत्या शैक्षणिक वर्षापासून अजिंठ्यात अशी एक तुकडी सुरू करावी, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, छत्रपती संभाजीनगर