बॅटरीवर नाही, वाऱ्यावर!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात शेवटच्या पानावर आमच्या क्लबच्या, काठावरून रिमोटने चालवायच्या छोट्या शिडाच्या बोटींच्या शर्यतीला चार कॉलम जागा दिलीत, त्याबद्दल आधी मनापासून आभार. एरवी आम्हाला तळ्याकाठी उभं पाहून लोक 'मासे लागतात का?' असं विचारतात. आता निदान आम्ही काय करतो ते तरी कळेल, असं वाटलं होतं. पण तुमचं पहिलंच वाक्य, 'बॅटरीवर पळणाऱ्या खेळण्यांची धमाल'!

अहो, बॅटरीवर त्या पळत नाहीत. बोटीत दोन सर्व्हो, म्हणजे रिमोटच्या हुकमाने फिरणाऱ्या छोट्या मोटारी, असतात. एक सुकाणू वळवतो, दुसरा शिडांचे दोर ओढतो नाहीतर सैल सोडतो. बॅटरीचं काम तिथे संपलं. वारा पडला की तुमचं 'खेळणं' तळ्याच्या मधोमध अर्धा अर्धा तास ठाण मांडून बसतं आणि मालक काठावर हातातल्या रिमोटकडे बघत राहतो. आम्ही शर्यतीत उतरवतो त्या प्रकारातली बोट जास्तीत जास्त १ मीटर लांब आणि कमीत कमी ४ किलो वजनाची. त्यातलं निम्म्याहून जास्त वजन पाण्याखाली, कील (बोटीच्या पोटाखालची उभी पाती) आणि तिच्या टोकाला असलेल्या शिशाच्या गोळ्यात. वारा वाढला की डोलकाठीसकट छोटी शिडं चढवायची, असे तीन संच बाळगावे लागतात. आणि 'बालगोपाळांची गर्दी' कुठे दिसली तुम्हाला? आमचा सर्वांत तरुण सभासद गेल्या वर्षी निवृत्त झाला.

हे सगळं मी चहाबरोबर गिळलं असतं. पण ते छायाचित्र!

'विजेत्या १२ क्रमांकाच्या बोटीने साधलेला चुरशीचा क्षण' अशी ओळ आपण त्याखाली टाकली आहे. त्यातली दुसरी बोट, क्रमांक ३७, माझी. भिंग घेऊन पाहा. माझं शीड डावीकडे फुगलंय, म्हणजे वारा उजव्या अंगाने येतोय. १२चं शीड उजवीकडे फुगलंय, म्हणजे तिला वारा डाव्या अंगाने. अशा वेळी डावीवालीने वाट सोडायची, हा शिडाच्या शर्यतीतला पहिला धडा. इथे तर १२चं नाक माझ्या बोटीच्या डाव्या कुशीत घुसलेलं स्पष्ट दिसतंय! ही चुरस नव्हे, धडक आहे.

त्या दिवशी 'टक' असा आवाज मी काठावरून ऐकला. '३७ प्रोटेस्ट १२', म्हणजे ३७ची १२विरुद्ध तक्रार, असं नियमाप्रमाणे दोनदा ओरडलो. १२चे मालक शांतपणे म्हणाले, "लागलीच नाही." निरीक्षक नेमके दुसऱ्या टोकाला, बोयाच्या (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेच्या) शेवाळात अडकलेल्या बोटीकडे बघत होते. बाकीच्यांना लांबून दोन शिडं एकमेकांवर आलेली दिसली. त्यांच्यात वीतभर अंतर होतं की नव्हतं, हे काठावरून कोण सांगणार? साक्षीदार नाही म्हणून माझी तक्रार फेटाळली गेली. त्या गृहस्थांनी तिथल्या तिथे एक गिरकी घेतली असती तर दंड फिटला असता, फार तर दोन-तीन बोटी पुढे गेल्या असत्या. घेतली नाही. माझी बोट मात्र त्या धक्क्याने वाऱ्यात तोंड करून थांबली आणि मी सातवा आलो.

आता निकाल बदलणार नाही, मुदत केव्हाच टळली. पण ज्या पुराव्यासाठी मी चार दिवस वणवण केली, तो आपल्या छायाचित्रकाराकडे होता आणि आपण त्याला कौतुकाची ओळ लावून छापलात! त्या फोटोची मूळ, न कापलेली प्रत मिळेल का? जो खर्च होईल तो देईन. क्लबच्या फळ्यावर लावायची आहे, बाकी काही नाही.

जाता जाता, हवामानाच्या चौकटीत तापमान आपण दशांश चिन्हापर्यंत छापता, पण वाऱ्याची दिशा गेल्या दोन महिन्यांपासून गायब आहे. 'बॅटरीवर' चालणाऱ्यांना तिची गरज नसेल. आम्हाला सकाळी घरातून निघताना कोणती शिडं उचलायची ते ठरवायचं असतं. राशिभविष्यातली एक रास गाळलीत तरी तेवढी जागा होईल.

आपला,
शीड क्रमांक ३७